खेळाची कारभारीण

आमच्या गावात फाशांचा एक डाव रंगला आणि तो हत्येनं संपला, अशी कथा भागवताच्या दशम स्कंधात आहे. गावाचं नाव तिथं भोजकट आहे. कृष्णानं रुक्मिणीला नेलं तेव्हा तिचा भाऊ रुक्मी पाठलागावर निघाला. बहिणीला परत आणल्याशिवाय कौंडिण्यपुरात पाऊल टाकणार नाही, अशी प्रतिज्ञा करून निघाला आणि हरला. शब्द देऊन बसलेला, त्यामुळे घरी परतायची सोय उरली नाही. मग त्यानं वेगळं नगर वसवलं, ते भोजकट. अमरावतीजवळचं भातकुली म्हणजेच ते, असं अभ्यासक मानतात. अचलपूरजवळच्या चम्मक गावी मिळालेल्या वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या ताम्रपटात भोजकट हे राज्याचं नाव आहे, म्हणजे पाचव्या शतकातही हे नाव इकडे चालत होतं.

पुढे सोयरीक जुळली. रुक्मीच्या नातीचं लग्न कृष्णाच्या नातवाशी, अनिरुद्धाशी, याच भोजकटात लागलं. लग्न आटोपल्यावर रुक्मीनं बलरामाला फासे खेळायला बसवलं. आधीचे डाव रुक्मीनं जिंकले. कलिंगाचा राजा दात काढून हसला. मग बलराम जिंकू लागला, तर रुक्मी म्हणे डाव माझाच. बलरामच खरा जिंकला आहे, असं आकाशवाणीनं सांगितलं. तेही त्यानं मानलं नाही, उलट बलरामाला गुराखी म्हणून हिणवलं. बलरामानं तिथल्या तिथं त्याला ठार केलं आणि हसणाऱ्या राजाचे दात पाडले. कृष्ण चूप राहिला. बोलावं तर एकीकडे भाऊ, दुसरीकडे बायको. रुक्मिणी त्या लग्नाला आलेली होती. एका बाजूला तिचा सख्खा भाऊ, दुसऱ्या बाजूला भासरे. दोन्ही घरं आतून ओळखणारी ती एकटीच त्या मांडवात असावी, आणि तिला कोणी काही विचारलं नाही.

मी ही कथा पहिल्यांदा ऐकली तेव्हा शाळेत होते. बलरामाचा राग तेव्हा मोठा वाटला होता. आता वाटतं, त्या डावात एक जागा रिकामी होती. जिचं पणाला काही लागलेलं नाही, जी कोणाच्या बाजूची नाही, पण खेळ सगळ्यांचा व्हावा याची जिला काळजी आहे, अशी कोणीतरी पटाशी बसायला हवी होती. हे पुस्तक त्या जागेवर बसणाऱ्या बायकांचं आहे.

वऱ्हाडातल्या पोरींना फाशांचा दुसरा एक डाव माहीत असतो. शंकर-पार्वती सारीपाट खेळत होते. शंकर हरले, रुसले आणि निघून गेले. पार्वती त्यांच्या मागे गेली ती पार्वती म्हणून गेली नाही. तिनं भिल्लिणीचं रूप घेतलं आणि शंकर त्या भिल्लिणीला भुलले. म्हणून ते भुलोजी आणि ती भुलाबाई. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत महिनाभर तिची मातीची मूर्ती घरात बसते, भुलोजी शेजारी, गणपती मांडीवर. या कथेतही डाव मोडतोच. पण मोडलेल्या डावातून उठून ती दुसरा खेळ मांडते, त्यात स्वतः सोंग घेते, आणि रुसून गेलेल्याला पुन्हा आत आणते. भोजकटातल्या डावात ज्याची कमतरता होती, ते सगळं या भिल्लिणीपाशी आहे.

टेबलाभोवती बसून खेळायचा जो सोंगांचा खेळ आज जगभर खेळला जातो, त्याला इंग्रजीत रोल प्लेइंग गेम म्हणतात. ज्यांनी तो कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. चार-सहा जणी गोल बसतात. प्रत्येकीचं एक पात्र असतं: कोणी पाथरवटीण, कोणी वैदू, कोणी घर सोडून आलेली राजकन्या. पात्राला काय जमतं, किती जमतं, हे कागदावर आकड्यांत लिहिलेलं असतं. त्यातली एकच जण पात्र घेत नाही. तिच्याकडे उरलेलं सगळं जग असतं. नदी ती, पाऊस ती, वेशीवरचा पहारेकरी ती, विहिरीतली नागीण तीच. ती प्रसंग सांगते आणि थांबते. मग प्रत्येकीकडे पाहून एक प्रश्न विचारते. आमच्याकडे तो असा विचारला जातो: ‘आता तू काय करशीन?’

सगळा खेळ या प्रश्नावर उभा आहे. पुढचं काही लिहिलेलं नसतं. पोरगी म्हणाली पळते, तर पळते. म्हणाली त्या पहारेकऱ्याला भाकर देते, तर भाकर दिली जाते, आणि आता तो पहारेकरी काय करेल हे त्या चालवणारीला तिथल्या तिथं ठरवावं लागतं. जे जमेल की नाही याची खात्री नाही, तिथं फासा टाकायचा. बाजारात या खेळाचे वीस बाजूंचे फासे मिळतात. आम्ही वीस चिंचोके घेतो, त्यांच्यावर एक ते वीस आकडे घालतो आणि स्टीलच्या डब्यात ठेवतो. समजा पुराच्या पेढी नदीतून पलीकडे जायचंय. चालवणारीनं मनाशी ठरवलं, हे काम चौदाचं. पात्राचं बळ तीन. म्हणजे चिंचोका अकरा किंवा त्याहून मोठा यायला हवा. वीसातले दहा, अर्धी आशा. काढलेला चिंचोका परत डब्यात टाकायचा, हे विसरायचं नाही. तो बाहेर राहिला तर शेवटी बसलेलीची आशा आधीच्या पोरींनी कोणते आकडे काढले त्यावर कमी-जास्त होते. हा नियम मी शिकवला नव्हता. शेवटी बसणाऱ्या पोरीनंच तो पहिल्या दिवशी मागून घेतला.

खिरापतीचा डबाच आम्ही त्यासाठी वापरतो. भुलाबाईची गाणी संपली की घरची पोरगी झाकलेला डबा घेऊन येते आणि खडखड वाजवते. बाकीच्या पोरी ओळखायला लागतात. आंबट का गोड? गोड. भाजलेलं का तळलेलं? भाजलेलं. आवाज ऐकून कोणी फुटाणे म्हणतं, कोणी शेंगदाणे, कोणी खोबऱ्याचे तुकडे. ओळखलं गेलं की झाकण उघडायचं. मी कित्येक घरच्या खिरापती ओळखल्या आणि आमच्या घरची कित्येकदा लपवली. त्या लपवण्यात एक सचोटी लागते, ती तेव्हा कळली नव्हती. डब्यात काय आहे हे तुला एकटीला माहीत आहे. विचारलेल्या प्रश्नाला खरं उत्तर द्यायचंय, पण सगळं सांगायचं नाही. आणि कोणी पहिल्याच झटक्यात ओळखलं, तर डबा आत नेऊन खिरापत बदलायची नाही. बदलली तर कोणाला कळणारही नाही. तरी नाही. रुक्मीला एवढंच जमलं नव्हतं. खेळ चालवणारीचं निम्मं काम या डब्याच्या झाकणात आहे, असं मी आज नव्यानं बसणाऱ्या पोरींना सांगते.

गाण्यांत तर सोंगंच सोंगं. एका गाण्यात सून माहेरी जायला निघते आणि सासू तिला कारल्याचं बी पेरायला सांगते. पेरलं, तर उगवू दे म्हणते. उगवलं, तर फूल येऊ दे. मग कारलं येऊ दे, मग भाजी कर, मग खाऊ घाल. दर वेळी एक नवी अट आणि दर वेळी सून ती पुरी करून पुन्हा दारात उभी. नातेवाईक बदलत जाणारी, एकाकडून दुसऱ्याकडे परवानगीसाठी पाठवणारी अशी आणखीही गाणी आहेत. आठ-दहा वर्षांच्या पोरी सासू होतात, सून होतात, दीर-नणंदा होतात आणि महिनाभर रोज संध्याकाळी त्या घराची तालीम करतात जे अजून त्यांच्या नशिबात यायचं आहे. पुण्याकडच्या भोंडल्यात आणि मंगळागौरीत सासू-सुनांची भांडणं अशीच खेळली जातात. या सगळ्या खेळांत पुरुषाची भूमिकाही बाईच करते. दंडारीत आणि गावच्या नाटकांत बाईचं काम पुरुष करायचे तेव्हाही पोरींच्या या अंगणात कोणी पुरुष पात्र उसनं आणलं नाही.

म्हणून कोणी मला म्हटलं, की हा टेबलाभोवतीचा खेळ बाहेरून आलाय, बायकांचा नाही, तर मी भुलाबाईकडे बोट दाखवते. आणि थोडं मागे जायचं तर रिद्धपूरकडे.

रिद्धपूर याच अमरावती जिल्ह्यातलं. आज तिथं मराठी भाषा विद्यापीठ आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात चक्रधरस्वामी निघून गेल्यावर त्यांच्या महानुभाव पंथातली मंडळी तिथं त्यांचे गुरू गोविंदप्रभू यांच्या सेवेत राहिली. गोविंदप्रभूंचं वागणं लहान मुलासारखं, लहरीचं. एकदा त्यांच्या मनात आलं, आपलं लग्न व्हावं. भक्तांनी ती लहर खेळासारखी मांडली आणि मनापासून मांडली. लग्न म्हटलं की नवऱ्या मुलासाठी धवळे गायला हवेत. ते काम महदाइसेकडे, म्हणजे महदंबेकडे, आलं. लहान वयात वैधव्य आलेली, चक्रधरांना प्रश्न विचारून विचारून भंडावणारी म्हणून पंथात ओळखली जाणारी ही बाई. तिनं तिथल्या तिथं रचत गायला सुरुवात केली, आणि विषय घेतला तो कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचा.

हा प्रसंग अभ्यासक्रमात एका ओळीत येतो: महदंबा, मराठीची आद्य कवयित्री, धवळे. मला त्यात एक बाई खेळ चालवताना दिसते. समोर एक म्हातारा साधू बसलाय, त्याला नवरा व्हायचंय. त्याची थट्टा करायची नाही, त्याला दुखवायचं नाही, आणि खोटंही वाटू द्यायचं नाही. तिनं त्याच्या भोवती सगळी गोष्ट उभी केली. तो कृष्ण झाला. जमलेले सगळे वऱ्हाडी झाले. रिद्धपूरच्या जागी कौंडिण्यपूर आलं, जे खरोखर तिथून फार लांब नाही, वर्धेच्या काठी. ऐकणारे खुश होतील, नवरदेव ऐकत राहील, गोष्ट पुढे जात राहील आणि शब्द सुचत राहतील, एवढं सगळं एकाच वेळी सांभाळणं म्हणजे काय, हे ज्यांनी कधी पाच पोरींसमोर बसून पुढचा प्रसंग क्षणात रचलाय त्यांना कळेल. ज्या विधवेला लग्नाच्या मांडवात मागे उभं राहायची रीत होती, ती त्या मांडवाच्या मधोमध बसून लग्न लावत होती. खेळ होता म्हणूनच तिला तिथं बसता आलं.

आणि तिनं निवडलेली रुक्मिणीही तशीच. कृष्णाला पत्र लिहून तिनं नुसतं ये म्हटलं नव्हतं. लग्नाच्या आदल्या दिवशी कुलरीतीप्रमाणे नवरी नगराबाहेरच्या अंबिकेच्या देवळात जाते, तिथं ये, असं तिनं सगळं आखून कळवलं होतं. अमरावतीची अंबादेवी तीच, अशी आमच्याकडची श्रद्धा आहे. जागा तिनं ठरवली, वेळ तिनं ठरवली, कोण कुठून येईल हे तिला ठाऊक होतं. पुढे भोजकटात हिलाच गप्प बसावं लागलं, याचं मला म्हणूनच जास्त वाईट वाटतं.

आता अमेरिकेकडे येते. तिथली हकिगत थोडक्यात सांगण्यासारखी आहे. 1974 साली विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या गावात गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ काढला. एका डबीत तीन पातळ पुस्तिका, पहिली आवृत्ती हजार प्रतींची. शिशाच्या सैनिकांनी लढाया खेळणाऱ्या पुरुषांच्या मंडळातून तो आला, त्यामुळे त्यातल्या लढवय्या पात्राचं नावच ‘फायटिंग मॅन’ होतं. पण छापण्याआधी गायगॅक्सनं तो घरी ज्या दोघांवर आजमावला त्यातली एक त्याची लहान मुलगी एलिस होती. म्हणजे पहिल्या पटापाशी पोरगी बसलेलीच होती. 1975 साली लॉस एंजेलिसच्या ली गोल्ड या बाईनं ‘अलारम्स अँड एक्सकर्शन्स’ नावाचं एक नियतकालिक सुरू केलं. आपल्या शाळा-कॉलेजांत हस्तलिखित अंक निघायचे, त्याच वळणाचं. खेळणाऱ्यांनी आपापली पानं लिहून पाठवायची आणि बाईंनी ती एकत्र बांधून सगळ्यांना टपालानं धाडायची. पुढची कित्येक दशकं त्यांनी ते चालवलं. खेळाबद्दलचा विचार पहिल्यांदा जिथं रुजला त्या जागांतली ती एक.

1979 मध्ये जीन वेल्स ही ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ काढणाऱ्या कंपनीत खेळ लिहिण्यासाठी नेमलेली पहिली बाई. नियमांबद्दल वाचकांनी विचारलेल्या शंकांची उत्तरं देणारं सदर तिनं सुरू केलं. 1981 साली तिनं लिहिलेलं एक साहस, म्हणजे खेळण्यासाठी आखलेला प्रसंग, छापून तयार झालं, पण त्यातला मजकूर आणि चित्रं वरच्या लोकांना पटली नाहीत. प्रती परत बोलावून नष्ट केल्या गेल्या आणि तेच साहस एका पुरुष लेखकाकडून पुन्हा लिहून घेतलं. लॉरा हिकमननं नवऱ्याबरोबर 1983 साली ‘रेव्हनलॉफ्ट’ लिहिलं, ते आजही खेळलं जातं. मार्गारेट वाईसच्या ‘ड्रॅगनलान्स’ कादंबऱ्या 1984 पासून आल्या. आणि 2022 साली याच ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या ‘जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल’ या पुस्तकात मिमी मंडल या कोलकात्याच्या लेखिकेचं एक साहस आलं, त्यातला मुलूख तिनं बंगालच्या नद्यांवरून रचलेला आहे. मी ते वाचलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं, की मग पूर्णेचं खोरंही चालेल.

पूर्णेच्या खोऱ्याला आमच्याकडे खारपाणपट्टा म्हणतात. जमीन काळी, कसदार दिसते, पण खालचं पाणी खारट. विहीर खोदली तर ना प्यायच्या कामाची ना ओलिताच्या. भातकुली, दर्यापूर, पुढे अकोल्याकडे, किती पिढ्यांनी घोटभर गोड पाण्यासाठी पायपीट केली याचा हिशोब बायकांच्या डोक्यावरच्या गुंड्यांना विचारावा. म्हणून आमच्या ओसरीवर जो पहिला खेळ मांडला त्यात कोणताही ड्रॅगन नव्हता. एका गावाला गोड पाण्याची विहीर शोधायची होती, आणि ती जुन्या गढीच्या पडक्या भिंतीपलीकडे कुठंतरी होती.

सहा पोरी होत्या, सातवीपासून कॉलेजपर्यंतच्या. एकीनं पाणाडीण घेतली. दुसरीनं पाथरवटीण. तिसरीला काहीच सुचेना तर म्हणाली, मी शेळ्या वळणारी. दोन रविवार त्या गढीच्या भोवती फिरल्या. तिसऱ्या रविवारी विहीर सापडली आणि तिथं साती आसरा बसलेल्या. मी त्यांना राखणदार म्हणून ठेवलं होतं आणि मोठी लढाई आखून ठेवली होती: कोणाला किती इजा, कोणता आकडा लागेल, सगळं वहीत लिहिलेलं. मी पाण्यातून एकेक आसरा वर आणली, ओले केस, पायाला शेवाळ, आणि थांबले. ‘आता तुमी काय करसान?’

पाथरवटीण हातोडा उचलायला निघाली. तेवढ्यात शेळ्यावाली, जी दोन रविवार जवळजवळ बोललीच नव्हती, ती म्हणाली, ‘वटी भरीन मी त्यायची.’

ओसरी शांत झाली. मग एकीनं विचारलं, वटीले तांदूळ कुठचा? पाणाडीण म्हणाली, माझ्या पिशवीत ज्वारी हाय. दुसरी म्हणाली, मी माझं चोळीचं कापड देते. नारळ कुठंच नव्हता, तर शेळ्यावालीनं पात्राच्या गळ्यातली एकुलती एक पोत काढून पदरात घातली. मी वही मिटली. लढाईचे आकडे तिथंच राहिले. त्या पोरींनी सात ओट्या भरल्या, प्रत्येक आसरेला नाव विचारलं, आणि सातवीनं, सगळ्यात धाकटीनं, एक अट घातली: पाणी न्या, पण पहिला गुंड रोज जिच्या घरी कोणी पाणी देत नाही तिच्या दारात ओता. ही अट मी आखलेली नव्हती. पोरींनी ज्या तऱ्हेनं त्या बायांना विचारलं त्यातूनच ती माझ्या तोंडात आली.

पण हे जमायच्या आधी माझ्याकडून एक चूक झाली होती, ती इथं लिहायलाच हवी. पहिल्याच महिन्यात एका पोरीचं पात्र रानात हरवलं. बाकीच्या घराकडे वळल्या. मी तिला म्हटलं, तूही परत जातेस. ती म्हणाली, ‘नाई, मी घरी नाई जात.’ मला वाटलं, खेळ एका जागी राहावा, वेळ कमी आहे. म्हणून मी तिच्या वतीनं सांगून टाकलं, की अंधार पडला, ती घाबरली आणि घरी आली. पोरगी काही बोलली नाही. हातातला चिंचोका तिनं डब्यात टाकला, कागदाची घडी घातली आणि संध्याकाळपर्यंत भिंतीला टेकून बसली. घरी जा, अंधार पडला, ही वाक्यं तिनं आयुष्यभर ऐकली होती. जिथं ती पहिल्यांदा नाही म्हणू शकली, तिथंही मी तेच ऐकवलं. पुढच्या रविवारी मी तिची माफी मागितली आणि गोष्ट त्याच जागेपासून पुन्हा सुरू केली, रानात, अंधारात. जग तुझं, पण तिचं पात्र तिचं, ही रेघ ओलांडायची नाही. या पुस्तकाचं तिसरं प्रकरण सगळंच्या सगळं या रेघेबद्दल आहे.

चालवणारीला काय म्हणायचं, यावर आमच्यात बरेच दिवस बोलणं झालं. इंग्रजीत तिला डंजन मास्टर किंवा गेम मास्टर म्हणतात. मास्टर म्हटलं की आमच्याकडे शाळेतले मास्तर, नाहीतर शिंपी उभा राहतो. सूत्रधार हा शब्द रुबाबदार, पण त्यात दोऱ्या आहेत, आणि दोऱ्या ओढण्याचं काय होतं ते मी वर सांगितलंच. शिवाय सूत्रधाराच्या नाटकात नटांची वाक्यं आधी ठरलेली असतात. गाडगेबाबा कीर्तनात समोरच्यांना प्रश्न विचारत आणि येईल त्या उत्तरावर पुढे जात, म्हणून एकीनं कीर्तनकारीण सुचवलं. ते जवळ होतं, पण कीर्तनात शेवट ठरलेला असतो. मग एका आजीबाईंनी, ज्या फक्त बघायला बसत, सहज म्हटलं, ‘तुमची कारभारीण आली का आज?’ तो शब्द बसला.

कारभाऱ्याची बायको ती कारभारीण, एवढाच अर्थ आजवर चालत आला. काम मात्र वेगळंच सांगतं. धान्य किती उरलंय, पाहुणे किती येतील, कोण उपाशी राहिलं, कोण रुसून बसलंय, हे सगळं डोक्यात ठेवून जी पंगत उठवते ती कारभारीण. सगळ्यांना वाढून शेवटी बसते आणि वाढताना कोणाच्या ताटात काय कमी पडलं हे लांबून ओळखते. खेळ चालवणारीला हीच नजर लागते. सहा जणींत एक मोठ्यानं बोलणारी असते, ती सगळा वेळ खाते. एक कोपऱ्यात असते. कारभारणीनं मोठ्यानं बोलणारीला न दुखवता वळून कोपऱ्यातलीला विचारायचं, तू काय करशीन? जगातल्या कोणत्याही नियमपुस्तकात यासाठी आकडा दिलेला नाही.

या खेळाला एका बैठकीत तीन-चार तास लागतात, आणि बायकांकडे सलग तीन तास नसतात. ही खरी अडचण आहे, फाशांची किंवा इंग्रजीची नाही. आमची वेळ रविवारी दुपारी दोन ते पाच: जेवणाची भांडी झाल्यावर आणि संध्याकाळच्या स्वयंपाकाआधी. दसऱ्यानंतर कापसाची वेचणी लागली की निम्म्या पोरी शेतात जातात आणि पट गुंडाळून ठेवावा लागतो. उन्हाळ्यात लग्नसराई. भुलाबाईच्या महिन्यात ज्या पोरी रात्री नऊपर्यंत घरोघरी फिरतात त्यांना कोणी काही म्हणत नाही, कारण ते देवीचं. इतर अकरा महिने दोन घरं सोडून खेळायला जायचं तर आईला कारण द्यावं लागतं. म्हणून या पुस्तकात दीड तासात संपतील असे खेळ मुद्दाम जास्त घेतले आहेत. काही शेताच्या बांधावर, काम करता करता, कागदाशिवाय खेळता येतील असेही आहेत. फाशाच्या जागी बोटं मोजायची.

बाहेरगावच्या लोकांना गावाचं नाव सांगितलं की ते हसून विचारतात, भातुकली? आधी मी दुरुस्त करायचे. आता करत नाही. मातीची चूल, पानांच्या पोळ्या, बाहुला-बाहुलीचं लग्न, आणि ते सगळं घर एका आठ वर्षांच्या पोरीच्या तोंडच्या शब्दांवर उभं. तू पाहुणा, तू भटजी, तुला आता भूक लागली. तिथून इथवरचं अंतर फार नाही.

गेल्या कोजागरीच्या आदल्या रविवारी मला ताप होता. खेळ मोडू नये म्हणून शेळ्यावालीनं डबा आपल्याकडे ओढला आणि म्हणाली, आज मी बसतो. मला पात्र दिलं ते एका म्हाताऱ्या सुईणीचं, बळ एक, नजर सहा. तिनं गोष्ट सुरू केली. पूर्णेच्या पात्रात मध्यरात्री एक दिवा दिसतोय, नाव नाही, माणूस नाही, दिवा आपणहून वर येतोय, प्रवाहाच्या उलट. पोरी पुढे सरकल्या. तिनं बाकीच्या पाच जणींकडे आळीपाळीनं पाहिलं आणि नंतर भिंतीशी टेकून बसलेल्या माझ्याकडे वळली.

‘काकू, तुमी काय करसान?’

मला पटकन उत्तर सुचलं नाही. तिनं घाई केली नाही. डबा मांडीवर धरून ती वाट पाहत राहिली.